फवारणी झाली, महिन्याने कीड परत: भाड्यासाठी घर घेताना आणि घेतल्यावर काय तपासायचं

तक्रार साधारण अशी असते. भाड्याने देण्यासाठी घर घेतलं. पाहायला गेलो तेव्हा घर स्वच्छ होतं, नुकताच रंग दिला होता. ताबा मिळाला, भाडेकरू राहायला आला आणि तिसऱ्या आठवड्यात त्याचा फोन आला, "ओट्याखाली झुरळं आहेत." फवारणी करून घेतली. महिनाभर शांतता, मग पुन्हा फोन, पुन्हा फवारणी. शेवटी भाडेकरू कंटाळून घर सोडतो आणि नवीन आलेलाही महिन्याभरात तेच सांगतो.

माझ्या बाबतीत हे सलग तीन वेळा झालं. चौथ्या वेळी कोणाला बोलावण्याआधी मी सिंकखालचं कपाट सुटं करून बाहेर काढलं. सांडपाण्याचा पाइप जिथून भिंतीतून शाफ्टमध्ये जातो, तिथे पाइपभोवती मूठ जाईल एवढं भगदाड होतं. कपाट बसवणाऱ्याने ते झाकलं होतं, बुजवलं नव्हतं. टॉर्च मारला तर आतल्या बाजूला झुरळांची विष्ठा काळ्या पुडीसारखी साचलेली. तीन फवारण्या झाल्या त्या सगळ्या कपाटाच्या अलीकडे, आणि वस्ती होती पलीकडे. भोक जाळी घालून सिमेंटने बुजवलं, सिंकची ठिबकणारी जोडणी बदलली, बिजागऱ्यांत झुरळं मारायची जेल लावली. त्यानंतर त्या घरातून झुरळांसाठी फोन आला नाही.

तेव्हापासून घर पाहायला जाताना माझ्यासोबत टॉर्च आणि जुना स्क्रू ड्रायव्हर असतो. कीड परत येते तेव्हा आपण औषधाला दोष देतो. पण बहुतेक वेळा प्रश्न औषध किती कडक होतं हा नसतो. कीड कुठून येते, पाणी कुठे पिते आणि दिवसा कुठे लपते, हे कोणी शोधलेलंच नसतं. ते शोधायची उत्तम वेळ म्हणजे व्यवहार पक्का होण्याआधीची. तेव्हा विक्रेता दार उघडून देतो, किंमत अजून ठरायची असते आणि घरात कोणाचा संसार मांडलेला नसेल तर कोपरा न् कोपरा पाहता येतो.

झुरळं: आधी कोणती ते पाहा

भाड्याच्या घरातली सर्वात जास्त तक्रार हीच, म्हणून इथे जरा थांबतो.

दोन प्रकार वेगळे ओळखता आले तर अर्धं काम होतं. फिकट तपकिरी, सव्वा ते दीड सेंटिमीटर लांब, डोक्यामागे दोन उभ्या काळ्या रेघा असलेलं ते जर्मन झुरळ. हे घरातच राहतं, घरातच वाढतं. ओट्याखाली, फ्रिजच्या मोटरजवळ, बिजागरीच्या खाचेत, स्विचबोर्डच्या मागे. दुसरं साडेतीन-चार सेंटिमीटरचं, तांबूस, मोठं. त्याला अमेरिकन झुरळ म्हणतात, पण ते जगभरच्या गटारांत आणि ड्रेनेजच्या चेंबरमध्ये असतं आणि घरात पाहुणा म्हणून येतं. मोठं दिसत असेल तर स्वयंपाकघरात जेल लावत बसण्यात अर्थ नाही. नहाणीची जाळी, पाइपभोवतीची फट आणि चेंबरचं झाकण पाहायला हवं.

महिन्याने परत येण्याचं गणित जर्मन झुरळाच्या अंड्यांत आहे. मादी तीस-चाळीस अंड्यांची कुपी पोटाला चिकटवूनच फिरते आणि पिल्लं बाहेर यायच्या सुमारास ती टाकते. कुपीचं आवरण असं असतं की बहुतेक फवारे आत पोहोचत नाहीत. मोठी झुरळं मेली, घर शांत झालं, आणि तीन-चार आठवड्यांत उरलेल्या कुप्या फुटल्या. अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला उबदार घरात दोन ते तीन महिने पुरतात. म्हणून एकच फेरी मारून "काम झालं" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. दुसरी फेरी दोन ते चार आठवड्यांनी, हे पहिल्याच बोलणीत ठरवून घ्या.

घरात वाढणाऱ्या झुरळांसाठी फवाऱ्यापेक्षा जेल चांगली, असं माझं ठाम मत आहे. फिप्रोनिल, इंडॉक्साकार्ब किंवा हायड्रामिथिलनॉन असलेली जेल टाचणीच्या डोक्याहून थोड्या मोठ्या थेंबांत, पुष्कळ ठिकाणी लावायची. एकाच जागी मोठा गोळा लावून उपयोग नाही. खाल्लेलं झुरळ लपायच्या जागी जाऊन मरतं. त्याची विष्ठा आणि मेलेलं अंग खाऊन इतर झुरळं, विशेषतः बाहेर न पडणारी पिल्लं मरतात. जेल लावल्यावर त्याच जागी फवारा मारू नका आणि तिथून फिनेलचं फडकंही फिरवू नका. वास आणि औषध दोन्हींमुळे झुरळं जेलला तोंड लावत नाहीत. मी पाहिलेल्या फसलेल्या कामांत हे कारण वारंवार सापडलं: एकाने जेल लावली, दुसऱ्याने आठवड्याने वरून फवारणी केली.

जेल नीट लावूनही झुरळं ती खात नसतील तर ब्रँड बदलू नका, आमिषाचा प्रकार बदला. १९९३ मध्ये शास्त्रज्ञांनी नोंदवलं की जर्मन झुरळांच्या काही वस्त्या ग्लुकोज असलेलं आमिष टाळतात. २०१३ मध्ये कारणही कळलं: त्या झुरळांच्या चव ओळखणाऱ्या पेशी ग्लुकोजला कडू समजतात. म्हणजे जेल समोर असते, औषधही चांगलं असतं, पण झुरळ ते चाखून मागे फिरतं. वेगळ्या आमिषाची आणि वेगळ्या औषधाची जेल आलटून पालटून वापरली की हा पेच सुटतो.

घर पाहतानाची युक्ती सांगतो. विक्रेता तयार असेल तर पाच-सहा चिकट सापळे तीन-चार रात्री ठेवा: सिंकखाली, फ्रिजमागे, न्हाणीघरात, माळ्यावर. सापळ्यावर लहान, मध्यम, मोठी अशी सगळ्या आकारांची झुरळं दिसली तर वस्ती घरातच आहे. फक्त मोठी तांबूस दिसली तर रस्ता ड्रेनेजचा आहे. सापळा न्हाणीघरात भरला आणि स्वयंपाकघरात कोरा राहिला, तर कुठे शोधायचं हे सापळ्यानेच सांगितलं. सापळे ठेवायला विक्रेता नाही म्हणाला, तर निदान एकदा अंधार पडल्यावर जा, दिवा न लावता आत शिरा आणि टॉर्च सरळ सिंकखाली मारा. दुपारी उजेडातही झुरळं फिरताना दिसली तर लपायला जागा पुरेनाशी झाली आहे, म्हणजे संख्या फार मोठी आहे.

रिकाम्या घरात झुरळं कशी येतात

"घर दोन महिने बंद होतं, खायला कण नाही, तरी झुरळं कुठून आली?" हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. उत्तर नहाणी ट्रॅपमध्ये आहे. जाळीखालच्या वळणात पाणी साठून राहतं आणि ते पाणीच गटारातला वास आणि किडे अडवतं. घर बंद राहिलं की पाणी आटतं आणि गटारापासून खोलीपर्यंत रस्ता मोकळा होतो. एक भाडेकरू गेल्यावर दुसरा येईपर्यंत घर रिकामं असतं, त्यामुळे भाड्याच्या घराला हा धोका दर वेळी आहे. आठवड्याला प्रत्येक जाळीत, सिंकमध्ये आणि कमोडमध्ये तांब्याभर पाणी ओता. जास्त दिवस येणं जमणार नसेल तर पाणी ओतून वर चमचाभर तेल सोडा. तवंगामुळे पाणी हळू आटतं. वॉशिंग मशीनसाठी काढून ठेवलेलं आणि कधी न वापरलेलं तोंड असेल तर त्याला बूच लावा. ते सगळेच विसरतात.

ढेकूण: रिकामं ठेवून मरत नाहीत

घर चार-पाच महिने बंद ठेवलं की ढेकूण उपाशी मरतील, अशी समजूत फार आहे. पूर्ण वाढलेला ढेकूण रक्ताशिवाय कित्येक महिने जगतो, थंड हवेत त्याहूनही जास्त. उलट माणूस नसला की तो खाचेतून बाहेर पडत नाही, औषधावरून चालत नाही, किंवा पाइपच्या आणि वायरच्या वाटेने शेजारच्या घरात जातो. नवीन भाडेकरू आला की पहिल्या आठवड्यात अंगावर उठतं आणि तो म्हणतो घरात ढेकूण होते, मालक म्हणतो तूच सामानातून आणलेस. दोघांकडेही पुरावा नसतो.

पाहायला गेल्यावर रंगवलेल्या भिंतींकडे पाहू नका. घर सामानासकट मिळत असेल तर गादीच्या शिवणी, पलंगाचे सांधे, स्क्रूची भोकं पाहा. रिकामं असेल तर पलंग जिथे होता तिथलं स्कर्टिंग, स्विचबोर्डच्या कडा, पडद्याच्या पट्टीमागची जागा. शाईचा ठिपका कागदावर पसरावा तसे काळे डाग, फिकट पिवळसर सालं आणि तांदळाच्या अर्ध्या दाण्याहून बारीक पांढरी अंडी ही खूण. पूर्ण वाढलेला ढेकूण चार-पाच मिलिमीटरचा असतो, डोळ्यांनी दिसतो. पिल्लाच्या पाच अवस्था असतात आणि प्रत्येक अवस्थेत कात टाकण्याआधी त्याला एकदा रक्त लागतं, म्हणून सालं भरपूर सापडतात.

इथे परत येण्याची कारणं तीन. अंडी सहा ते दहा दिवसांत फुटतात आणि दुसरी फेरी झालेलीच नसते. जगभर ढेकणांनी पायरेथ्रॉइड गटातल्या औषधांना दाद देणं मोठ्या प्रमाणावर सोडलं आहे आणि घरगुती डब्यांत बहुधा तेच औषध असतं. आणि शेजारचं घर कोणी तपासलेलं नसतं. डावीकडचं, उजवीकडचं, वरचं, खालचं, ही चार घरं पाहिल्याशिवाय इमारतीतले ढेकूण संपले असं म्हणता येत नाही.

खोलीत ठेवून धूर सोडायचे डबे मिळतात, ते घेऊ नका. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये असे डबे तपासले, तेव्हा लपून बसलेल्या ढेकणांवर त्यांचा जवळजवळ काहीच परिणाम झाला नाही. औषध खाचेत शिरतच नाही. उष्णता मात्र चालते. साधारण ५० अंश सेल्सिअसला ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात, पण ती उष्णता गादीच्या आतपर्यंत पोहोचली पाहिजे. कपडे आणि पडदे ड्रायरमध्ये जास्त तापमानावर अर्धा तास फिरवले तरी पुरतं. खाचांना वाफ, सांध्यांना योग्य औषध, दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. हे काम चिकाटीचं आहे आणि स्वस्तात उरकायच्या नादात बिघडतं.

सामानासकट भाड्याने द्यायचं असेल तर लाकडी पोकळ पलंगाऐवजी धातूचा घ्या, गादीला पूर्ण बंद होणारं कव्हर घाला, आणि जुनी गादी कितीही चांगली दिसली तरी विक्रेत्याकडून घेऊ नका.

उंदीर

उंदरांच्या बाबतीत मी औषधाचा विचार शेवटी करतो. घरातला लहान उंदीर सहा मिलिमीटरच्या भोकातून जातो, म्हणजे पेन्सिल आत जात असेल तर तोही जातो. मोठ्या उंदराला सव्वा सेंटिमीटरच्या आसपास भोक पुरतं. मादी तीन आठवड्यांत विते. तुम्ही सापळ्यात पाच पकडलेत आणि भोक उघडं ठेवलंत तर हिशेब कधीच मिटणार नाही.

लेंड्या पाहा. तीन ते सहा मिलिमीटरच्या टोकदार असतील तर लहान उंदीर, दीड-दोन सेंटिमीटरच्या असतील तर मोठा. भिंतीच्या कडेने तेलकट काळपट पट्टा दिसला तर तो त्यांचा रोजचा रस्ता. शंका असेल तिथे टाल्कम पावडरचा पातळ थर पसरून रात्रभर ठेवा, सकाळी पावलं आणि शेपटीची रेघ दिसते. पीओपीच्या छतावरची जागा, एसीच्या पाइपचं भोक, गॅसच्या नळीचं भोक, दाराखालची फट, शाफ्टची तुटलेली जाळी, एवढी ठिकाणं सोडू नका.

भोकं बुजवताना नुसता फोम किंवा लांबी (पुट्टी) वापरलीत तर ते कुरतडतात. स्टीलची लोकर कोंबून वर सिमेंट किंवा धातूची जाळी लावा. घराच्या बाहेरच्या बाजूची भोकं आधी बुजवा, आत उरलेल्यांसाठी सापळे लावा. मोठे उंदीर नव्या वस्तूला बिचकतात, म्हणून सापळा दोन-चार दिवस न ताणता, नुसतं आमिष ठेवून राहू द्या आणि मग ताणा. लहान उंदीर उलट चौकस, पहिल्याच रात्री येतात.

घरात विष ठेवायला माझा विरोध आहे. रक्त गोठू न देणाऱ्या विषाने उंदीर चार ते सात दिवसांनी मरतो आणि बहुधा भिंतीत किंवा छतावर, जिथे तुमचा हात पोहोचत नाही. वास आठवडे टिकतो, माशा होतात, आणि भाडेकरूच्या लहान मुलाच्या किंवा मांजराच्या हाती ते विष लागण्याची भीती वेगळीच. आणि घर घेण्याआधी कुरतडलेल्या वायरी तपासून घ्या. इलेक्ट्रिशियनला मीटरपासून छतावरच्या वायरिंगपर्यंत बघायला सांगा; उघड्या पडलेल्या तारेने आग लागते, हा किडीपेक्षा मोठा प्रश्न आहे. ध्वनिलहरींनी उंदीर पळवणारी यंत्रं भिंतीत लावू नका. त्यांच्या दाव्यांना पुरावा नसल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्येच उत्पादकांना इशारे दिले होते.

वाळवी: इथे व्यवहार थांबू शकतो

झुरळं, मुंग्या, अगदी ढेकणांसाठीही मी चांगलं घर सोडणार नाही. वाळवी दिसली तर मात्र सही करण्याआधी थांबा. दोष जर तुळईत किंवा छताच्या लाकडात असेल तर खर्च फवारणीचा राहत नाही, बांधकामाचा होतो.

पहिला प्रश्न: जमिनीतली वाळवी की सुक्या लाकडातली? जमिनीतल्या वाळवीला ओल लागते. ती मातीच्या बारीक नळ्या करून भिंतीवरून, प्लिंथवरून म्हणजे जोत्यावरून, पाइपच्या आडोशाने वर चढते. वरच्या मजल्यावरची घरंही सुटत नाहीत. शाफ्टमधून ती येते, आणि कायमची गळती असेल तर जमिनीशी संबंध न ठेवताही भिंतीत तग धरते. सुक्या लाकडातली वाळवी मातीच्या नळ्या करत नाही. तिची खूण म्हणजे चौकटीखाली पडलेले, मिलिमीटरभर लांबीचे कडक दाणे. भिंगातून पाहिले तर सहा कडा दिसतात. तिथे मैद्यासारखी मऊ पूड आणि लाकडाला टाचणीने पाडावीत तशी गोल भोकं असतील तर ती वाळवी नाही, लाकूड पोखरणारा भुंगा आहे. तिघांचा उपाय वेगळा. जमिनीत औषध सोडून सुक्या लाकडातली वाळवी मरत नाही, आणि हे न कळल्यामुळे लोक दोन-दोनदा जमीन ड्रिल करून घेतात.

पावसानंतर खिडकीत पंखांचा ढीग सापडला तर तो झाडून टाकण्याआधी नीट पाहा. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे, कंबर जाड आणि मिशा सरळ. पंखवाल्या मुंगीचे पुढचे पंख मोठे, कंबर बारीक, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या.

नळी जुनी आहे की चालू, याची परीक्षा सोपी आहे. मधोमध बोटभर तुकडा मोडा, फोटो काढा आणि काही दिवसांनी पुन्हा जा. तुकडा भरून निघाला तर वाळवी जिवंत आहे. न भरल्यामुळे मात्र निश्चिंत होऊ नका, ती दुसऱ्या वाटेने जात असू शकते. दाराच्या चौकटीचा खालचा फूटभर भाग स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. भरीव आवाज येऊन मग पोकळ आवाज यायला लागला तर तिथे टोक हलकेच दाबून पाहा. आत गेलं तर वरचा रंगच लाकडाला धरून आहे. मला सर्वात संशयास्पद वाटते ती अर्धवट नवी गोष्ट: सगळं घर जुन्या रंगात आणि एकाच चौकटीला ताजा रंग, एकाच भिंतीला नवी लांबी, एकाच खोलीत नवीन स्कर्टिंग. विक्रेत्याला रागावून विचारू नका, साधं विचारा, "इथे काय झालं होतं?" बरेच लोक खरं सांगतात.

वाळवीचं काम झालंय असं सांगितलं तर कागद मागा. कोणतं औषध, किती टक्के, कोणत्या तारखेला, कुठे भोकं पाडली याचा आराखडा, आणि हमी नव्या मालकाच्या नावावर होते का. जुन्या इमारतीत भिंत आणि फरशीच्या सांध्यावर साधारण ३० सेंटिमीटर अंतराने भोकं पाडून औषध सोडतात आणि भोकं बुजवतात. ती ठिपक्यांची ओळ दिसायला हवी. ओळ अर्ध्याच खोलीत असेल तर काम अर्धंच आहे. बायफेन्थ्रिनसारखं औषध वाळवीला जाणवतं, त्यामुळे ती औषध न पोहोचलेला कोपरा शोधून तिथून येते. फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड तिला जाणवत नाहीत, ती त्यातून चालत जाते आणि मरते. म्हणून चालू घरात मी दुसऱ्या प्रकाराला पसंती देतो. आमिषाची पेटी लावली तर ती वाळवीला कात टाकू देत नाही, पूर्ण वारूळ संपायला महिने लागतात, पण ड्रिलिंग न करता काम होतं.

उपचार झालेल्या घरात वाळवी परत येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे नंतर केलेली तोडफोड. नवीन पाइपसाठी फरशी उकरली, बागेसाठी भिंतीला माती लावली, ओटा हलवला. औषधाचा थर तिथे तुटला. त्यामुळे घर घेऊन नूतनीकरण करणार असाल तर आधी तोडफोड, मग वाळवीचं औषध, मग फरशी. उलट क्रम लावलात तर पैसे गेले.

फार जुनं घर असेल तर आणखी एक विचारून ठेवा. क्लोरडेन, ऑल्ड्रिन, डिल्ड्रिन ही वाळवीसाठी एके काळी सर्रास वापरली जाणारी औषधं २००१ च्या स्टॉकहोम करारात घातक म्हणून नोंदली गेली, कारण ती मातीत दशकानुदशकं टिकतात. अशा घराच्या भिंतीलगतच्या मातीत भाजीपाला लावू देऊ नका.

मुंग्या आणि कसर यांच्यावर वेगळं लिहीत नाही. दोन्ही बहुतेक वेळा ओल दाखवतात. कसर दिसली तर कपाटामागची भिंत हात लावून पाहा, गळती तिथेच सापडेल.

बोलणी कशी करायची

कीड सापडली की विक्रेता म्हणतो, "मी पेस्ट कंट्रोल करून देतो." हे मान्य करू नका. त्याला ताबा देईपर्यंतची शांतता हवी असते, तुम्हाला वर्षानुवर्षांची. मिळेल ती स्वस्त फवारणी होईल आणि वर खुणाही पुसल्या जातील. त्यापेक्षा स्वतंत्र तपासणी करून घ्या, कामाचा लेखी अंदाज घ्या आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी करायला सांगा. तपासणारा आणि औषध मारणारा वेगवेगळे असतील तर उत्तम; जो काम विकणार आहे तोच निदान करत असेल तर दुसरं मत घ्या. करारात एक वाक्य हवं: विक्रेत्याला माहीत असलेली कीड आणि झालेले उपचार त्याने लेखी सांगितले आहेत. कीड निवारणाची जबाबदारी मालकाची की भाडेकरूची हे कायद्यात ठिकाणानुसार बदलतं, म्हणून सही करण्याआधी तिथल्या वकिलाला हा एक प्रश्न नक्की विचारा.

घरात भाडेकरू आधीच राहत असेल तर

त्याच्याशी बोला. घराबद्दल विक्रेत्यापेक्षा त्याला जास्त माहीत असतं. पण तो घाबरलेला असतो. नवीन मालक आपल्याला काढेल, किंवा झुरळांचा दोष देऊन अनामत कापेल, असं त्याच्या मनात असतं. म्हणून मी सुरुवातच अशी करतो: "तुमचं राहणं चालू राहणार आहे. घरात काय त्रास आहे तो मला आत्ता कळला तर मी किमतीत धरून दुरुस्त करून देऊ शकतो." मग विचारतो, रात्री पाणी प्यायला उठता तेव्हा काय दिसतं? मागच्या मालकाने किती वेळा औषध मारलं? शेजारी कोणाकडे आहे? या तीन प्रश्नांनी मला टॉर्चपेक्षा जास्त सांगितलं आहे.

औषध मारायच्या दिवशी स्वयंपाकघर रिकामं करायचं, कपडे बांधायचे, हा सगळा भार भाडेकरूवर पडतो. म्हाताऱ्या किंवा एकट्या माणसाला ते झेपत नाही आणि कपाटं न रिकामी करताच फवारणी उरकली जाते. अशा वेळी दोन तासांसाठी मदतीला माणूस पाठवा. अपुऱ्या तयारीमुळे वाया जाणाऱ्या फेरीपेक्षा ते स्वस्त पडतं.

भाडेकरारात माझ्याकडे एक कलम असतं: कीड दिसल्यापासून सात दिवसांत कळवायचं, आणि कळवल्याबद्दल कोणताही दंड किंवा कपात नाही. राहायला येण्याच्या दिवशी सिंकखालचे, गादीच्या शिवणींचे, चौकटीच्या तळाचे तारखेसह फोटो दोघांकडेही राहतात. ढेकणांचा वाद अशाने सुरूच होत नाही.

हे मात्र कधीही करू नका

धान्यात ठेवायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ढेकणांसाठी किंवा उंदरांसाठी घरात ठेवू नका आणि कोणाला ठेवू देऊ नका. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फीन वायू निघतो. तो फटीतून शेजारच्या खोलीत, वरच्या घरात जातो आणि झोपेतल्या माणसांचा जीव घेतो. त्यावर उतारा नाही. अशी कुटुंबं गेली आहेत. फवारणीला आलेला माणूस औषधाचं नाव सांगत नसेल, डब्यावर लेबल नसेल, तर त्याला दारातूनच परत पाठवा. तुम्ही त्या घरात झोपणार नाही, दुसरं कोणीतरी झोपणार आहे.

कीड गेली असं कधी समजायचं

घर रिकामं असताना माझा क्रम असा: गळती बंद, मग व्हॅक्यूमने खाचांची सफाई, मग औषध किंवा जेल, मग भोकं बुजवणं, रंग सर्वात शेवटी. त्यानंतर चिकट सापळे तसेच ठेवतो आणि त्यांवर तारीख लिहितो.

जर्मन झुरळांसाठी सलग तीन महिने सापळे कोरे राहिले पाहिजेत, कारण तेवढ्यात एक पूर्ण पिढी उरकते. ढेकणांसाठी पलंगाच्या पायांखाली ते अडकतील अशा वाट्या ठेवून किमान दोन महिने पाहतो, तेही घरात कोणी झोपत असताना. रिकाम्या खोलीतली कोरी वाटी काहीच सांगत नाही. उंदरांसाठी बुजवलेल्या भोकांपाशी दोन आठवडे ताजी लेंडी दिसता कामा नये. वाळवीला वर्ष द्यावं लागतं, पंख गळण्याचा एक हंगाम पूर्ण जाईपर्यंत. मोडलेल्या नळीचा फोटो मी फोनमध्ये ठेवतो आणि दर दोन-तीन महिन्यांनी त्याच जागी उभा राहून दुसरा काढतो.

सापळ्यावर पुन्हा काही सापडलं तर लगेच फवारणीला फोन करू नका. कोणत्या सापळ्यावर, कोणत्या आकाराचं, हे लिहा आणि त्या सापळ्यापासून हातभर अंतरातलं भोक, फट किंवा ठिबकणारा नळ आधी शोधा.